टिपण, सारांश आणि अध्ययन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी वडोदऱ्यातील मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांना वाचायला आणि लिहायला शिकवले. त्यांच्या नावाने बोलायचे तर विषय वाचन-लेखनाशी निगडित असावा आणि तो आजच्या विद्यार्थ्याच्या रोजच्या व्यवहारातला असावा, असे मला वाटले. परीक्षा जवळ आली की आजचा विद्यार्थी वर्गातील नोट्सची छायाचित्रे मोबाइलवर घेतो, ती कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एखाद्या साधनाकडे सोपवतो आणि ‘हे थोडक्यात करून दे’ असे सांगतो. काही क्षणांत वीस पानांचे दीड पान होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर अवघ्या काही वर्षांत ही रीत घरोघरी रुजली. तिला नावे ठेवण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, वीस पानांचे दीड पान होताना जे श्रम घडतात, ते कोणी करायचे?

संक्षेपाची हौस आपल्याला नवी नाही. पाणिनीने संस्कृतचे अवघे व्याकरण सुमारे चार हजार सूत्रांत बसवले. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माइतका आनंद होतो, अशी त्या शास्त्राची ख्याती आहे. परंतु ती सूत्रे उलगडण्यासाठी पुढे पतंजलीला महाभाष्य लिहावे लागले, हेही आपण जाणतो. सूत्र पाठ असणे आणि सूत्र समजणे यांत केवढे अंतर असते, हे आपल्या पूर्वसूरींना पक्के ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी सूत्राला भाष्याची जोड दिली.

आपल्याच शहरातले उदाहरण घेऊ. येथील प्राच्यविद्यामंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ठिकठिकाणची हस्तलिखिते मिळवून, ओळीओळीचे पाठभेद तपासून ते काम झाले आणि १९६० ते १९७५ या काळात ते सात खंडांत प्रसिद्ध झाले. दुसरीकडे, आपल्यापैकी अनेकांच्या आजीला एकश्लोकी रामायण मुखोद्गत असे. चार चरणांत वनवासापासून रावणवधापर्यंतची सगळी कथा! आजीला तो श्लोक पुरत असे, कारण कीर्तनांतून, पोथ्यांतून आणि सणावारांतून संपूर्ण रामायण तिच्या मनात आधीच वस्तीला आलेले होते. श्लोकातला एकेक शब्द म्हणजे तिच्यासाठी एकेका कांडाचे दार होते. ज्याने रामायण कधी ऐकलेच नाही, त्याच्या हाती तोच श्लोक दिला तर त्याला काही नावे आणि काही घटना कळतील. भरताची घालमेल किंवा मंदोदरीचा आक्रोश त्याच्या कानी पडणार नाही. सारांश हा असा जाणत्याच्या उपयोगाचा असतो. जे आपण एकदा मिळवले आहे, त्याकडे परत जाण्याची ती खूण आहे.

मराठी गद्याच्या आरंभकाळात याहून बोलके उदाहरण सापडते. श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्रा’त संकलित केल्या. नागदेवाचार्यांकडून ऐकलेल्या लीळांची त्यांनी इतर साक्षीदारांकडे जाऊन खातरजमा केली. एकाच लीळेच्या निरनिराळ्या आठवणी ज्याच्या त्याच्या नावावर नोंदवण्याची प्रथा महानुभावांनी जपली. या पाठभेदांना त्या परंपरेत ‘वासना’ असे म्हणतात. पुढे केशिराजबासांनी लीळांतील स्वामींची वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. पाठांतराला, मननाला तो सोयीचा होता. आणि मग काय घडले? वचन प्रसंगापासून तुटले. हे वचन कोणाला, कोठे, कोणत्या निमित्ताने उच्चारले गेले, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागेना. म्हणून प्रत्येक सूत्राचा प्रसंग सांगणारा ‘प्रकरणवश’ हा ग्रंथ त्या परंपरेत निर्माण झाला. संक्षेप करताना जे गळाले ते परत आणून ठेवण्यासाठी स्वतंत्र ग्रंथ! मला हा आपल्या वाङ्मयेतिहासातील फार मोठा धडा वाटतो.

आता यंत्राकडे वळू. यंत्राकडून सारांश करून घेण्याची कल्पना १९५८ इतकी जुनी आहे. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी त्या वर्षी एक पद्धत मांडली. मजकुरात कोणते अर्थवाही शब्द वारंवार येतात ते मोजायचे आणि असे शब्द ज्या वाक्यांत दाटीने आले असतील ती वाक्ये उचलायची. आजची साधने याच्या फार पुढे गेली आहेत. २०१७ साली ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची रचना पुढे आली. तिच्यावर उभी असलेली ही साधने अफाट मजकुरावरून शब्दांचे परस्परसंबंध शिकतात आणि आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता संभवतो हे ठरवत नवीन वाक्ये रचतात. त्यामुळे त्यांचा सारांश गुळगुळीत आणि वाचनीय असतो. परंतु महत्त्वाचे काय, हे ती कशावरून ठरवतात? सर्वसाधारणपणे जगात जे महत्त्वाचे मानले जाते त्यावरून आणि पानावर जे दिसते त्यावरून. शिक्षक वर्गात एका वाक्यापाशी थांबले, चष्मा काढला आणि तेच वाक्य सावकाश पुन्हा म्हणाले, हे पानावर नसते. ते ऐकणाऱ्याच्या स्मरणात असते.

आमच्या शेजारची एक विद्यार्थिनी मराठी विषय घेऊन एम. ए. करते. लीळाचरित्रावरील आपल्या बावीस पानांच्या नोट्सचा यंत्राने केलेला सारांश तिने मला दाखवला. मी लक्षपूर्वक वाचला. भाषा नेटकी होती. ग्रंथाचे तीन भाग, संकलनाचा काळ, आद्य गद्यग्रंथ म्हणून असलेले महत्त्व, सारे जागच्या जागी होते. एका ठिकाणी मात्र सूत्रपाठाचे कर्तृत्व म्हाइंभटांकडे गेले होते; नोट्समध्ये दोन नावे लागोपाठ आली होती आणि यंत्राने ती एकत्र केली होती. ही चूक दाखवली की सुधारता येते. मला दुसरी गोष्ट अधिक खटकली. ‘वासनां’वरची तिची तीन पाने पूर्णपणे गळाली होती. वेगवेगळ्या साक्षीदारांच्या आठवणींऐवजी एकच सुबक हकिकत उरली होती. ज्या प्रामाणिकपणामुळे लीळाचरित्र मोठे ठरते, नेमका तोच सारांशात नव्हता.

मी तिला विचारले, ‘‘म्हाइंभटांना इतक्या लोकांना भेटायची गरज का पडली?’’ तिला सांगता येईना. ती म्हणाली, ‘‘सर, हे सारांशात नाही ना.’’ मग तिने मूळ वही उघडली. उत्तर तिच्याच अक्षरात, समासात बाण काढून लिहिलेले होते. वर्गात ऐकताना ते तिला सुचले होते. आपण एकदा समजून घेतलेली गोष्ट तिने दीड पानाच्या भरवशावर सोडून दिली होती.

येथे वर्गातील टिपणाचे स्वरूप लक्षात घ्यावे. बोलण्याच्या वेगाने हात चालत नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याला प्रत्येक क्षणी निवड करावी लागते. हे घ्यावे, ते सोडावे, याला त्याच्याशी जोडावे. विद्यार्थ्याची वही म्हणजे मुळातच सारांश असतो आणि तो त्याच्या बुद्धीने केलेला असतो. त्या सारांशाचा पुन्हा यंत्राने सारांश केला की त्याच्या बुद्धीच्या खुणा पुसल्या जातात.

मानसशास्त्रातील संशोधनही येथे मार्गदर्शक आहे. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकी एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो पहिल्या बैठकीत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत, न पाहता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटले: वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आयता सारांश रात्री दहा वेळा वाचल्यावर सगळे आल्यासारखे का वाटते आणि आठवड्याने ते का निसटते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

तथापि, सारांश स्वतः लिहिला की काम भागले, असेही समजू नये. जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात स्वतःची परीक्षा घेणे आणि अभ्यास दिवसांत विभागणे यांना त्यांनी वरचे स्थान दिले, सारांशलेखनाला खालचे. कारण असे की, सारांश चांगला कसा करावा हे बहुतेक विद्यार्थ्यांना कोणी शिकवलेलेच नसते. हा ठपका विद्यार्थ्यांवर नाही, आम्हा शिक्षकांवर आहे. उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश लिहा आणि समर्पक शीर्षक द्या, हा प्रश्न आपण वर्षानुवर्षे घातला. पण कोणते वाक्य का सोडले, यावर वर्गात चर्चा किती केली? यंत्र हाताशी आलेल्या आजच्या काळात ही चर्चा अधिकच आवश्यक झाली आहे.

वडोदऱ्याच्या गायकवाड प्राच्यविद्यामालेतील पहिला ग्रंथ म्हणून १९१६ साली राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ प्रसिद्ध झाली. त्यात शिष्यांचे प्रकार सांगताना राजशेखर दोघांत भेद करतो. एकाची बुद्धी स्वभावतःच शास्त्राकडे धावते, तो बुद्धिमान. दुसऱ्याची बुद्धी शास्त्राच्या अभ्यासाने संस्कारित होते, तो आहार्यबुद्धी. मित्रहो, आपण बहुतेक जण या दुसऱ्या वर्गातले. आपली बुद्धी अभ्यासाने घडते. तेव्हा अभ्यासाचे श्रम यंत्राने उचलले तर उपजत बुद्धिमंताचे फारसे बिघडणार नाही; तो कुतूहलाने मूळ ग्रंथाकडे जाईलच. नुकसान होईल ते सामान्य विद्यार्थ्याचे, आणि त्यालाच हे साधन सर्वांत अधिक मोह घालते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट पणाला लागली आहे. आपल्या मुलांच्या घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि महाविद्यालयात इंग्रजी असते. इंग्रजी व्याख्यानाचा मराठी सारांश यंत्र देऊ शकते, ही मोठी सोय आहे. पहिल्यांदाच महाविद्यालयात गेलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलाला तिचा आधार मिळतो. दिवसभर नोकरी करून रात्री अभ्यास करणाऱ्याला किंवा दृष्टिहीन विद्यार्थ्याला तर ही साधने खरीखुरी मदत करतात. परंतु एखादी अवघड कल्पना स्वतःच्या मराठी वाक्यात मांडण्याची धडपडच थांबली, तर या शहरातली मराठी सणाच्या आणि स्वयंपाकघराच्या बोलण्यापुरती उरेल. ज्ञानाची भाषा म्हणून ती टिकायची असेल तर तिच्यात विचार करणारी वाक्ये आपल्या मुलांना रचता आली पाहिजेत.

मग विद्यार्थ्याने करावे काय? मी तीन गोष्टी सुचवतो. व्याख्यान झाल्यावर त्याच दिवशी, वही मिटून, दहा वाक्यांत ते आपल्या शब्दांत लिहावे. त्यानंतर यंत्राकडून सारांश घ्यावा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावे: माझ्याकडे काय सुटले, त्याच्याकडे काय सुटले, नावे, सन आणि कर्तृत्व मूळ ग्रंथाशी ताडून घ्यावे. तिसरे म्हणजे, यंत्राला परीक्षक करावे. ‘या नोट्सवर मला दहा प्रश्न विचार आणि मी उत्तर देईपर्यंत उत्तर सांगू नकोस’ असे त्याला सांगावे. अशा रीतीने तेच साधन आठवण्याचा सराव करून घेईल. क्रम मात्र उलटू नये. आधी आपले टिपण, मग यंत्राचे.

आणि शाळेला माझी विनंती आहे की, आठवड्यातून एक तास केवळ सारांशासाठी राखावा. एकच उतारा, वर्गातील चार मुलांचे चार सारांश आणि यंत्राचा पाचवा, असे फळ्यावर मांडून त्यांवर बोलावे. मुलांना आपोआप कळेल की सोडून देणे हाही एक निर्णय असतो आणि त्याची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते.

  येथे बसलेल्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो की, आज घरी गेल्यावर या व्याख्यानाचे सार आपल्या हाताने पाच ओळींत लिहून काढा. माझे जे म्हणणे पटले नसेल तेही त्यात नोंदवा. गुरुजींच्या स्मृतीला विनम्र अभिवादन करून मी आपली रजा घेतो.