खंदक मराठ्यांसाठी, लढाई गाळाशी

कोलकात्याच्या उत्तर टोकाला, हुगळीच्या काठावर बागबाजार आहे. तिथे एका गल्लीचं नाव वाचून मराठी माणूस थबकतो: मराठा डिच लेन. म्हणजे मराठा खंदकाची गल्ली!

१७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे भास्करपंत कोल्हटकर फौज घेऊन बंगालात उतरले. धास्तावलेल्या कोलकात्यानं बंदराच्या वस्तीभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत जेमतेम तीन मैल झाला, मग काम थांबलं. मराठे तिथवर आलेच नाहीत. पण पश्चिम तीरावरची गावं आपल्या बारगिरांनी लुटली, हे लपवण्यात अर्थ नाही. बंगाली अंगाईत 'बर्गी' अजून आहेत. त्या भयानं अनेक कुटुंबं नदी ओलांडून कोलकात्याच्या आसऱ्याला आली आणि शहर वाढलं.

या बंदराचा खरा शत्रू मात्र घोड्यावरून येणारा नव्हताच. तो पाण्याखालून येतो. गाळ!

मुंबईचं बंदर समुद्रालाच लागून आहे. इथे भर समुद्रातून दोनशेहून अधिक किलोमीटर आत यायचं, तेही वळणावळणाच्या नदीतून. वाट दाखवायला पायलट हवा, भरतीची वेळ गाठायला हवी. १६९४ मध्ये 'रॉयल जेम्स अँड मेरी' हे जहाज रूपनारायणच्या मुखाजवळ वाळूत रुतून बुडालं. त्या वाळूच्या दांड्याला आजही त्याचंच नाव आहे. तरीही याच नदीनं ताग, चहा, कोळसा जगभर नेला, आणि नेपाळचा माल आजही या बंदरातून जातो. (गंमत बघा, जहाजांना अडवणारी हीच नदीची माती नावेतून बागबाजारशेजारच्या कुमारटुलीत येते आणि तिची दुर्गा होते.)

गाळ धुऊन काढायला १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला. गंगेचं पाणी ३८ किलोमीटरच्या कालव्यानं हुगळीकडे वळवलं. दोनच वर्षांत खाली हल्दियाची गोदीही उघडली. मोठी जहाजं तिकडे गेली, आणि त्यांच्यामागून खिदिरपूरचं बरंच काम. गाळ उपसणं अजून चालूच आहे.

आता खरी मेख. तेच पाणी बांगलादेशच्या शेतांनाही हवं आहे. १९९६ चा गंगा करार ३० वर्षांचा, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंतचा. त्यात ठरलंय की, उन्हाळ्याच्या दिवसांत फराक्क्याला ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी असलं, तर निम्मं-निम्मं. सत्तरचे निम्मे पस्तीस. आणि कालवा बांधलाय ४० हजारांसाठी.