जीवदया आणि कबुतराचे पिल्लू



मेघरथ राजाने शरणागत कबुतरास अभय दिले, ही कथा जैन घराघरांत परिचित आहे. पोखर्णीसारख्या गावी वळचणीतून कबुतराचे नवजात पिल्लू पडले, की दयाळू हात प्रथम दुधाची वाटी आणतात. तेथेच घात होतो! गाईचे दूध पक्ष्यास पचत नाही. चोचीत सोडलेले थेंब श्वासनलिकेत उतरू शकतात. कबुतराची मादीच नव्हे, नरही गळ्यातील पिशवीत दाट पोषक द्रव निर्माण करतो. पहिले काही दिवस पिल्लू केवळ त्यावरच वाढते. म्हणून ओंजळीची ऊब देऊन ते घरट्यात परत ठेवावे. मनुष्यस्पर्शामुळे मातापिता त्याचा त्याग करीत नाहीत. घरटेच मोडले असेल, तर मऊ कापडाच्या टोपलीत ऊब राखावी. गार पडलेल्या पिल्लास मात्र काहीही भरवू नये. परभणीस पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे विनाविलंब न्यावे.