खाजगी शुश्रूषागृहें आणि सरकारी देखरेख

घरांत कोणी अत्यवस्थ झालें म्हणजे आपण जवळच्या शुश्रूषागृहाकडे धांव घेतों. तेथें पहिला कागद पुढें येतो तो अनामत रकमेचा. पेढीवर भाव विचारल्यावांचून मासाभर सोनें न घेणारा गृहस्थ त्या वेळीं मुकाट्यानें सही करतो, कारण शेजारीं आई धापा टाकीत असते. श्रोतेहो, अशा व्यवहारांत तिसऱ्या कोणाची तरी नजर असावी लागते, आणि ती सरकारचीच असूं शकते.

या देखरेखीचा कायदा आपल्याकडे जुना आहे. १९४९ सालीं मुंबई प्रांतांत शुश्रूषागृह-नोंदणी अधिनियम झाला. प्रसूतिगृहेंहि त्यांत आलीं. नोंदणीवांचून शुश्रूषागृह चालवूं नये, नोंदणीचा दाखला दर्शनी जागीं लावावा, अधिकाऱ्याला वाजवी वेळीं आंत येऊन तपासणी करतां यावी, अशी त्याची योजना. बिलाविषयीं मात्र तो मुका होता.

हें मौन सुटलें तें कोरोनाच्या साथींत. २१ मे २०२० च्या आदेशानें राज्य सरकारनें खाजगी रुग्णालयांतील शेंकडा ८० खाटांचे दर बांधून दिले: साध्या कक्षांत दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागांत ७,५००, आणि श्वसनयंत्र लागल्यास ९,०००. संरक्षक पोशाख दरांबाहेर राहिले, आणि कित्येक बिलें याच वाटेनें फुगलीं. पुढें सरकारनें बिलें तपासण्यासाठीं लेखापरीक्षक नेमले, तेव्हां कांहीं कुटुंबांना जादा घेतलेली रक्कम परत मिळाली. दर छापून जें साधलें नाहीं, तें बिल वाचणारा माणूस बसविल्यानें साधलें.

२०२१ च्या सुधारित नियमांनीं दरफलक आणि रुग्णहक्कांची सनद लावणें शुश्रूषागृहांवर बंधनकारक केलें. डॉक्टरमंडळींना असल्या नियमांचा जाच वाटतो. दहा खाटांचें प्रसूतिगृह, वर बिऱ्हाड, पतिपत्नी दोघेहि डॉक्टर, असा संसार अनेक गांवांतून दिसतो. मोठें रुग्णालय कागदपत्रांसाठीं कारकून ठेवील. या दांपत्यानें रात्रीची प्रसूति उरकून सकाळीं तक्ते भरावे काय? तक्रार खरी आहे. तक्ते कमी करावे. तपासणी मात्र टळतां कामा नये.

आणि अडचण तर तपासणीचीच आहे. मुंबईसारख्या शहरांत हें काम महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे असतें. साथीचे रोग, लसटोचणी, जन्ममृत्यूची नोंद, हींहि त्याच्याच माथीं. साहजिकच नूतनीकरणाचा अर्ज आला कीं कागद पाहून शिक्का उमटतो. दाखला तीन वर्षांचा असतो. त्या अवधींत अधिकारी एकदां तरी न कळवितां आला पाहिजे, आणि भिंतीवरची चौकट पाहून न परततां चार घरीं गेलेल्या रुग्णांचीं बिलें त्यानें दरफलकाशीं ताडून पाहिलीं पाहिजेत.