आधीं शिष्य, मग सेवक

(ज्युबिली-महोत्सवांतील युवक-मेळाव्यांत केलेलें भाषण)



आपल्या पॅरिशमधील कांहीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनीं यंदाच्या सुटींत अरण्यांतील एका गांवीं सेवेस जाण्याचा निश्चय केला आहे, हें ऐकून मला धन्य वाटलें. परंतु शुभेच्छांबरोबर एक प्रश्नहि मी त्यांना विचारणार आहें. तुम्ही तेथें केवळ द्यावयास जात आहां, कीं शिकावयासहि?

या प्रश्नाचें उत्तर आपल्याच मुलुखांत आहे. सन १९७० च्या सुमारास बाबा आमटे आपल्या मुलांना घेऊन भामरागडच्या अरण्यांत गेले होते. पुत्र प्रकाश हे तेव्हां नागपुरास वैद्यकीचे विद्यार्थी होते. परका माणूस दिसतांच माडिया लोक भिऊन दूर जातात, हें त्यांनीं पाहिलें. बाबांनीं तेथें काम उभारण्याचा मनोदय बोलून दाखविला, तेव्हां 'मी येईन' असा शब्द या तरुणानें दिला. विद्यार्थिदशेंत शब्द देणें सोपें असतें. हा शब्द मात्र पाळला गेला. २३ डिसेंबर १९७३ रोजीं हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं तेथेंच आपला संसार मांडला.

त्या काळीं तेथें वीज नव्हती. पावसाळ्यांत नद्या भरल्या कीं बाहेरच्या जगाशीं संबंध तुटे. औषधें होतीं, पण रोगी येईनात. परक्यावर विश्वास कोणीं ठेवावा? तेव्हां या दोघां डॉक्टरांनीं माडिया भाषा शिकावयास घेतली. लोकांच्या अंगावर पुरेसें वस्त्र नाहीं, हें पाहून डॉ. प्रकाश यांनीं सदरा टाकला. अर्धी चड्डी व बनियन हाच त्यांचा वेष झाला. हळूहळू रोगी येऊं लागले. पुढें १९७६ मध्यें शाळा निघाली, आणि तींत शिकलेलीं माडिया मुलें डॉक्टर व शिक्षक झालीं. २००८ सालीं उभयतांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्याचें मूळ, दुसऱ्याच्या भाषेंत बोबडे बोल बोलण्याची लाज न वाटण्यांत आहे.

आपल्या श्रद्धेच्या इतिहासांतहि हेंच दिसतें. इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, मराठी शिकले, आणि त्यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापलें गेलें. लोकांच्या भाषेचे ते आधीं शिष्य झाले, म्हणूनच मराठी ओवी त्यांना वश झाली.

कोणी म्हणेल, अरण्यांतील लोकांपाशीं आम्हांस देण्यासारखें काय आहे? त्यानें धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा गांवास जावें. तेथें ग्रामसभा बहुमतानें नव्हे, सर्वांच्या संमतीनें निर्णय घेते. एकाचाहि विरोध असला तर पुन्हां विचार होतो. याच गांवाला २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. आपल्या समित्यांत चार मतांनीं ठराव जिंकून चार मनें दुखविणाऱ्या आम्हां वडील मंडळींनींहि तेथें चार दिवस बसून शिकावें!

म्हणून, तरुण मित्रांनो, तीन गोष्टी सांगतों. जाण्यापूर्वीं यजमानांच्या भाषेंत क्षेमकुशल विचारावयास शिका. तेथें असतां बोलण्याहून अधिक ऐका. आणि परत आल्यावर पुढल्या वर्षीं त्याच गांवीं पुन्हां जा. आठ दिवस राहून कायमचा निरोप घेणाऱ्या पाहुण्यांची त्यांना उणीव नाहीं. त्यांनाहि आपल्या सणास बोलवा, आपल्या घरीं उतरवा. येणेंजाणें दोहों बाजूंनीं असेल तरच ती देवाणघेवाण. नाहीं तर तें केवळ दान, आणि दानानें घेणाऱ्याची मान पुष्कळदां खालीं जाते.

तुम्हीं दिलेला शब्द पाळण्याचें बळ परमेश्वर तुम्हांस देवो, हीच या मंगल प्रसंगीं प्रार्थना.