गावपळणीची शिस्त शेतात आणू या
(शेतकरी बंधू-भगिनींच्या कार्यक्रमातील भाषण)



आज मी नव्या बियाण्याबद्दल किंवा खताच्या मात्रेबद्दल बोलणार नाही. आपल्या मालवण किनाऱ्यावरच्या एका जुन्या रिवाजाबद्दल आणि त्यातून शेतीने काय घ्यावे, याबद्दल चार शब्द सांगणार आहे.

मालवण तालुक्यातले आचरा गाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. समुद्र, खाडी, भाताचे कुणगे आणि माडाच्या बागा. कोणाच्या घरी नांगर, कोणाच्या घरी जाळे, तर काही घरांत दोन्ही. या गावात साधारण दर चार वर्षांनी गावपळण होते. भाताची कापणी-झोडणी आटोपली की ग्रामदैवत श्री देव रामेश्वराचा कौल घेतात. कौल झाला की ठरल्या दिवशी सारा गाव वेशीबाहेर! तीन दिवस, तीन रात्री उघड्या रानात, झापांच्या खोपीत संसार मांडायचा. बरोबर गुरे, कुत्री आणि कोंबड्यासुद्धा. जातधर्म न बघता सगळे निघतात. रात्री भजने रंगतात, बायकांच्या फुगड्या होतात. मग पुन्हा कौल घ्यायचा आणि तो झाला तरच गाव भरायचा. 2024 च्या डिसेंबरातही आचऱ्यात गावपळण झाली. शेजारच्या चिंदर आणि वायंगणी गावांतही हा रिवाज आहे.

कोणी याला देवाची आज्ञा म्हणतात, कोणी म्हणतात गावाला विसावा. मी शेतीखात्यातला माणूस. मला त्यात दिसते ती शिस्त. हजारो माणसे एका दिवशी एक काम करतात आणि एकही घर मागे राहत नाही.

आता माझ्या नोकरीच्या सुरुवातीची एक गोष्ट सांगतो. गावाचे नाव घेत नाही. माझ्या सांगण्यावरून एका शेतकऱ्याने भात कापल्याबरोबर जमिनीतल्या ओलीवर दहा गुंठे कुळीथ पेरला. पीक छान उगवले. मी शेजाऱ्यांना दाखवायला घेऊन जायचे ठरवले, आणि एका सकाळी जाऊन बघतो तर कुणगा साफ! रात्री मोकाट गुरे शिरली होती. त्यांतली निम्मी त्याच्याच चुलत भावांची. तो बिचारा काही बोलला नाही. त्याचे म्हातारे वडील मात्र मला म्हणाले, "सायबानू, गाव भायर काढूक देवाचो कौल लागता. तुमच्या कुळथाक कौल कोण देतलो?"

त्या दिवशी मला माझी चूक कळली. सल्ला बरोबर होता, पण मी तो एकट्या माणसाला दिला होता. शेतीतली काही कामे एकट्याने करून भागत नाही. अशी तीन कामे सांगतो.

पहिले काम उंदरांचे. एकाने आपल्या कुणग्यात औषध घातले आणि शेजाऱ्याने नाही, तर आठवड्यात शेजारचे उंदीर इकडे हजर. मुंबईकर भावाचा पडीक कुणगा म्हणजे तर उंदरांचे माहेरघरच. म्हणून गणपतीला चाकरमानी आले की वाडीची बैठक घ्या, पडीक जमिनीत शिरायची परवानगी तेव्हाच मिळवा, आणि भात पोटरीत येण्यापूर्वी सगळ्या वाडीने एकदम मोहीम करा. पहिल्या दिवशी बांधावरची सगळी बिळे चिखलाने बुजवा. दुसऱ्या दिवशी जी उघडी दिसतील, ती जिवंत बिळे. त्यांतच ब्रोमॅडिओलोनच्या वड्या आत सरकवून तोंड बंद करा. वडीला उघड्या हाताने शिवू नका. पोरे, कुत्री, कोंबड्या त्या दिवसांत शेतापासून दूर ठेवा. मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा.

दुसरे काम गुरांचे. कापणीनंतर गुरे सोडून देण्याची आपली पद्धत आहे. त्यामुळे ओल असूनही जमीन पावसाळ्यापर्यंत रिकामी राहते. सगळ्या वाडीने मिळून एक राखण्या ठेवा, त्याचा पगार घरटी वाटून घ्या, आणि गुरे बांधण्याचा ठराव ग्रामसभेत करा. मग कुळीथ पेरा, वाल पेरा. पाण्याची थोडी सोय असेल तर कोकण कृषी विद्यापीठाची कोकण सदाबहार चवळी घ्या. ती साधारण दोन महिन्यांत हाती येते. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत साठवतात, त्याचा फायदा पुढच्या भाताला होतो. माकडे आणि रानडुकरे यांच्यासाठीही एकट्याने रात्र जागवण्यापेक्षा पाळ्या लावलेल्या बऱ्या.

तिसरे काम खाडीकाठच्या बांधाचे. कुर्ल्यांनी पाडलेले एक बीळ अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मोठे होते, आणि खारे पाणी शिरते ते सगळ्यांच्याच कुणग्यांत. ते मीठ धुऊन जायला पुढच्या पावसाळ्यांची वाट बघावी लागते. म्हणून चैत्र-वैशाखात घरटी एक माणूस काढून सारा बांध चालत तपासा आणि बिळे चिकणमातीने ठोकून भरा. सरकारी खारबंधाऱ्याला भगदाड दिसले तर ग्रामपंचायतीमार्फत लगेच लेखी कळवा.

तुम्ही म्हणाल, तरुण मुले मुंबईला, मग हे करायचे कोणी? ही अडचण आपल्या एकट्याची नाही. जपानचे नाव आपल्या भातशेतीला नवे नाही. 1953 पासून देशभर जपानी पद्धतीच्या भातलागवडीचा प्रचार झाला. गादीवाफ्यावर रोपे आणि ओळीत लावणी हे आपल्या वडीलधाऱ्यांनी तेव्हाच ऐकले. त्याच जपानात वाजिमा हे समुद्रकाठचे लहान शहर आहे. तिथेही भातशेती आणि मासेमारी, तिथलीही तरुण मुले मोठ्या शहरांत. त्या भागातले शेतकरी डिसेंबरात शेताच्या देवाला घरी बोलावून जेवू घालतात. वाजिमाजवळ डोंगरउतारावर समुद्रापर्यंत उतरत गेलेले 1004 चिमुकले कुणगे आहेत. ते पडीक पडू नयेत म्हणून शहरातली माणसे वर्षाला वर्गणी भरून एकेक कुणगा दत्तक घेतात आणि लावणी-कापणीला येऊन गावकऱ्यांबरोबर चिखलात उतरतात. 1 जानेवारी 2024 च्या भूकंपात त्या शेतांना भेगा पडल्या. तरी त्याच वर्षी काही कुणग्यांत लावणी झालीच.

आपले चाकरमानी तर परके नाहीत, घरचेच आहेत. गणपतीला आणि शिमग्याला ते येतातच. त्यांना स्वतः राबायला जमत नसेल, तर राखण्याच्या पगारात आणि बांधाच्या खर्चात त्यांचा वाटा मागा. मागायला संकोच कशाला? जमीन त्यांचीही राहणार आहे.

बंधू-भगिनींनो, ज्या किनाऱ्यावर कोंबडीसुद्धा मागे न ठेवता सारा गाव वेशीबाहेर पडू शकतो, तिथे एका दिवशी उंदरांची बिळे बुजवणे अवघड नाही. या गणपतीत वाडीची बैठक घ्या आणि आपल्या गावच्या कृषी कर्मचाऱ्याला आधी कळवा. त्या म्हाताऱ्या बाबांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, ते तुमच्यापाशी आहे. कुळथाला कौल द्यायचा तो तुम्ही सर्वांनी मिळून.