पाणीपट्टीची वही कोणाकडे?

(राजूर, ता. वणी येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



जनगणनेत राजूर शहर म्हणून मोजलं जातं, पण कारभार ग्रामपंचायतीचा. म्हणजे वस्ती शहराची आणि तिजोरी गावाची. इथल्या कोळशावर दूरदूर दिवे लागतात. आपला नळ मात्र गृहपट्टी-पाणीपट्टीत जेवढं जमेल तेवढाच.

मागे एका गावात मी पाणीपुरवठा समितीवर होते. निम्म्या बाया हव्यात म्हणून माझं नाव घातलेलं. सहीसाठी वही घरी यायची, मी सही करायची. पंप जळाला तेव्हा कळलं, दुरुस्तीला खात्यात पैसाच नाही. मी कशावर सह्या केल्या हे मलाच सांगता येईना. तो उन्हाळा गुंड डोक्यावर घेऊन काढला तो बायांनीच.

तेव्हापासून मी आधी पैशाचं विचारते. योजना बांधायचा पैसा वेगळा, चालवायचा वेगळा.

बांधायच्या पैशात गावाचाही वाटा असतो. २०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या कामाच्या १० टक्के लोकवर्गणी धरली. डोंगरी, जंगली भागात आणि अनुसूचित जाती-जमाती निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत ५ टक्के. ती श्रमानेही देता येते. श्रम म्हटलं की कोण, ते तुम्हाला ठाऊकच आहे!

खाणीच्या गावांना आणखी एक वाट आहे. २०१५ साली खनिज कायदा बदलला आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के एवढी जादा रक्कम त्यात भरावी लागते, लिलावातून दिलेल्यांना १० टक्के. खाणबाधित गावांसाठीच हा पैसा आहे आणि पिण्याचं पाणी त्यात अग्रक्रमावर आहे. धूळ आपण खाल्ली, तेव्हा मागताना ओशाळायचं कारण नाही. आपल्या राज्यात नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ठराव तिथेच करून घ्या.

अमेरिकेत टेक्साससारख्या राज्यात वस्तीपुरता वेगळा पाणी-जिल्हा काढतात. कर्ज उभारायचं आणि तिथल्या घरांवर कर लावून फेडायचं. पण पुष्कळदा सुरुवातीला ठरवणारे मूठभर असतात आणि फेडणारे मागून येतात. आपल्याकडे ठरवणारे एक, पाणी भरणाऱ्या दुसऱ्या.

आता चालवायचा पैसा. पंपाचं वीजबिल, ब्लीचिंग पावडर, पाणी सोडणाऱ्याचा पगार हे पाणीपट्टीतूनच जाणार. 'पाणी फुकट हवं' ही घोषणा मला पटत नाही, हे स्पष्ट सांगते. पण बंगल्याला आणि झोपडीला एकच दर का? घर नवऱ्याच्या नावावर, त्याने पट्टी थकवली, तर नळ तुटतो बाईचा. नोटीस तिला का मिळत नाही? एकट्या बाईची पट्टी थकली तर काय करायचं? हे महिलांच्या सभेत ठरलं पाहिजे. घराच्या नोंदीत, नमुना ८ ला, बाईचंही नाव लागलं पाहिजे. आणि पाणीपट्टीचा जमाखर्च दर तिमाहीला मोठ्याने वाचला गेला पाहिजे. आपल्यातल्या दोघीतिघींनी आकडेमोड शिकून घ्यावी. मलाही उशिराच आली.

पुढच्या बैठकीला घरची पाणीपट्टीची पावती घेऊन या. जिच्याकडे नसेल तिनेही यावं. ती का नाही, तेच आधी लिहून घेऊ.