कडुनिंबाचा काढा आणि भातावरील करपा

मुरबाड-शहापूरच्या खाचरांत श्रावणातील ढगाळ हवा व रिमझिम लांबली, आणि त्यातच नत्राची मात्रा अंमळ अधिक पडलेली असली, म्हणजे भाताच्या पानांवर मधे राखी व कडेने तपकिरी असे डोळ्याच्या आकाराचे ठिपके उमटू लागतात. हाच करपा हा बुरशीजन्य रोग, आणि तो लोंबीच्या मानेशी पोहोचला की दाण्याऐवजी पळींज हाती येऊन आणेवारीचे सारे अंदाज कोसळतात.

बुरशीवर धातूचा उतारा शोधणे ही आजची बाब नव्हे. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, व चुना फासण्याची वहिवाट होती. त्या वेली केवडा या बुरशीरोगापासून बचावल्याचे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरले आणि १८८५ साली बोर्डो मिश्रण जगापुढे मांडले. चोरांकडून शास्त्राची इतकी सेवा क्वचितच झाली असेल!

नवी आहे ती धातूचे अतिसूक्ष्म कण घडविण्याची रीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कडुनिंबाचा चिरलेला पाला पाण्यात उकळून तो काढा सिल्व्हर नायट्रेटच्या विरल द्रावणात मिसळला, तेव्हा पाल्यातील द्रव्यांनीच चांदीचे नॅनोकण, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागांत मोजावे लागणारे कण, घडविले व त्यांभोवती आवरणही धरले. असल्या कणांचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने अफाट. त्यांतून सुटणारे आयन, म्हणजे चांदीचे विद्युतभारित अणू, बुरशीच्या पेशीचे कवच दुबळे करतात. आपल्या अंबरनाथच्या नॅनोतंत्र संशोधन केंद्रातूनही पीकरोगांच्या संदर्भात या विषयावर लेखन झाले आहे.

तथापि प्रयोगशाळेत काचेच्या बशीत बुरशी थांबली, एवढ्यावरून फवारणीची शिफारस करण्यास माझी हरकत आहे. मोरचूद तोलून घेता येतो. पाल्याचा गुण मात्र झाडागणिक व ऋतूगणिक बदलतो, आणि त्याबरोबर कणांचा आकारही. शिवाय धातू कुजून नाहीसा होत नाही, आणि कोकणच्या पावसात तो खाचरातून ओहोळात व पुढे उल्हास नदीत उतरणार, जिचे पाणी बदलापूर-कल्याणची घरे पितात. केंद्र सरकारने २०२० साली नॅनो कृषी निविष्ठांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती याच शंकांपोटी.

कर्जतच्या भात संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी नेहमीच्या बुरशीनाशकाच्या वाफ्याशेजारी या काढ्याचा वाफा दोन-तीन खरीप हंगाम उभा राहावा, आणि उत्पन्नाबरोबर बांधाबाहेर पडणाऱ्या पाण्याचीही तपासणी व्हावी. तोवर नत्र हप्त्याहप्त्याने द्यावे, आणि पेरणीपूर्वी बियाणे तीन टक्के मिठाच्या पाण्यात सोडून वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत व उरलेले स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे.